टपावरचे पोचे

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ही वही वॉर्डच्या कपाटातून आणली. वरती 'डायलिसिस, शिफ्ट ए' छापलंय, तेवढं चालवून घ्यायचं. अकरा वर्षं दुसऱ्यांचं वजन, बी.पी. आणि अंगातून किती पाणी काढलं ते मिनिटागणिक लिहीत आले. आता केस माझी स्वतःची आहे, तर तीही लिहून ठेवते.

केस अशी. नोकरी संपवून आम्ही दोघं कायमचे साताऱ्याला चाललो आहोत. अठराचं विमान आहे, दिवाळी घरी. त्याआधी भाडेकराराची गाडी कंपनीला परत द्यायची, कारण ती माझ्या नावावर आहे तोवर फायनल एक्झिटचा शिक्का मिळत नाही. करार पाच वर्षांचा, आणि पाच वर्षांत मुरूरचा, म्हणजे इथल्या वाहतूक पोलिसांचा, एकही दंड नाही. सौदीतल्या ह्या खमीस मुशैतमध्ये असं छातीवर हात ठेवून सांगणारी दहा माणसं मिळायची नाहीत.

आज कंपनीचा हम्माद गाडी तपासायला आला. चांगला मुलगा आहे, हसतमुख, अंगातल्या थोबाला, म्हणजे त्या लांब पांढऱ्या झग्याला, इस्त्री कडक. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मग स्टूल मागून वर चढला. माझी उंची चार फूट अकरा, त्यामुळे टपावर काय आहे ते मी पाच वर्षांत पाहिलेलंच नाही. टपावर दोन मोठे पोचे निघाले. बॉनेटवर ओरखडे, मागचा वायपर वाकलेला, एरियल गायब. हम्मादने फॉर्मवर 'चालकाचा निष्काळजीपणा' ह्या ओळीपुढे खूण केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

गाडी माझी, सही माझी, पण चालवतात आमचे श्यामकांत. सकाळी सहाला मला हॉस्पिटलच्या दारात सोडायचं, चारला न्यायला यायचं. तेही इतकं सावकाश की मागचे हॉर्न वाजवून दमतात. असा माणूस निष्काळजी?

"नो साइन," मी म्हटलं.

"मग मॅडम, सोळा तारखेपर्यंत दुरुस्त करून आणा आणि कारण सांगा. तुमची चूक नसेल तर कोणी केलं ते सिद्ध करा."

श्यामकांत आरसा पुसत उभे होते. म्हणाले, "जे काय होईल ते भरून टाकू या ना, सरिता." त्यांचं हे नेहमीचंच. प्रश्न पैशाचा नाहीच. माझ्या नावापुढे निष्काळजीपणा लिहिलेला कागद मी ह्या देशात मागे ठेवून जाणार नाही. सिद्ध कर म्हणतो ना, यल्ला, सिद्ध करते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ड्यूटीनंतर सनाइयात गेलो. शहराबाहेर गॅरेजांची वस्ती आहे, तिला इथे सनाइया म्हणतात. तिथे श्रीवर्धनचे वहाबभाई डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवतात. तेवीस वर्षं झाली त्यांना. आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं, म्हणून सगळे मराठी तिथेच जातात.

वहाबभाईंनी टपावरून तळहात फिरवला, नाडी बघावी तसा. मग मान हलवली.

"बाय, ह्यो पोचा दगडाचा नाय. पेटीबिटी पन परली नाय. धार कुटं हाय बगा? ह्ये वरती कोनतरी बसलाय. येकदा नाय, लय वेला. बसलाय नि उठलाय."

"टपावर कोण बसणार, वहाबभाई? वऱ्हाड होतं का आमचं?"

ते श्यामकांतांकडे बघत राहिले. श्यामकांतांना एकदम चहा आणायची आठवण झाली आणि ते गेले. वहाबभाई म्हणाले, "मी काय सांगू? असंल कोन जड मानूस." कारागीर उत्तम आहेत, पण कधीकधी काहीही बोलतात.

खरी अडचण पुढे आहे. मुरूरचा कागद असल्याशिवाय इथे कोणी अपघाताच्या पोच्याला हात लावत नाही. काय झालं, कुठे झालं, कोणी केलं, ते सांगून परवाना आणायचा, मगच हातोडी. कागद नसताना काम केलं तर दुकानाला कुलूप. "कागद आना, दोन दिवसात नवी करून देतो," म्हणाले.

म्हणजे कोणी केलं ते शोधल्याशिवाय गाडी दुरुस्तसुद्धा होत नाही. ठीक आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सापडलं!

वरच्या मजल्यावर सादिया राहते. हैदराबादची, इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. महिन्यापूर्वी त्यांनी गच्चीवर पाण्याची नवी टाकी चढवली, दोर लावून, चार माणसं आरडाओरडा करत. आमची गाडी बरोबर तिच्या खालीच असते. जुनी टाकी वरून ढकलली असणार आणि ती टपावर आपटून गेली असणार. शिवाय मागच्या वायपरमध्ये करडे केस अडकलेले मिळाले. सादियाची मांजर करडीच आहे. म्हणजे ते घर माझ्या गाडीला बापाची मालमत्ता समजतं हे उघड झालं.

मी लगेच वर गेले आणि तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "आपा, पुरानी टंकी तो छत पेच पड़ी है। आके देख लेव ना।"

मी कशाला जाऊ गच्चीवर? माझे गुडघे काय वाटेवर पडलेत? आणि चोर स्वतःहून थोडाच जागा दाखवतो.

श्यामकांतांना सांगितलं तर जेवता जेवता थांबले. "सादिया असं करणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला जगात कोणीच काही करेल असं वाटत नाही, म्हणून तर आपल्यावर ही वेळ. मग ते उठून हात धुवायला गेले. जेवणही अर्धंच टाकलं. पोटाचं काहीतरी आहे. दर शुक्रवारी पेटीभर केळी आणतात, रविवारी घरात एक उरत नाही, आणि तरी पोट साफ नाही म्हणजे कमाल आहे. साताऱ्याला गेल्यावर सोनोग्राफी करून घेते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मुरूरला तक्रार दिली. माझं अरबी दवाखान्याचं आहे. कुठे दुखतं, कधीपासून, हात वर करा, श्वास सोडा, एवढं फर्डं बोलते. तेवढ्यावर टाकी, दोर आणि टप समजावून सांगितलं. ड्यूटीवरचा अधिकारी शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, शेजाऱ्यांना सोमवारी बोलावू, दोन्ही बाजू ऐकू, मग दुरुस्तीचा कागद.

श्यामकांत गाडीतच बसून राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, तू बोलतेस ना, मग मी कशाला.

अकरा वर्षं हेच. बँकेत, दुकानात, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, खिडकीवर मीच बोलते. कोणी त्यांना काही विचारलं तरी उत्तर मीच देते, कारण ते शब्द शोधत बसतात आणि मागे रांग वाढते. त्यांच्या इकाम्यावर छापलंच आहे, काम करण्यास परवानगी नाही. साताऱ्यात साखर कारखान्याच्या ऑफिसात होते, तिथून मी त्यांना इकडे आणलं. मला वाटतं, त्यांना इथे आराम मिळाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शनिवारी सगळ्या शहराला सुट्टी असते पण मूत्रपिंडांना नसते, त्यामुळे मला ड्यूटी. श्यामकांत आज न्यायला चाळीस मिनिटं उशिरा आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. विचारलं तर म्हणाले, घाटात ट्रॅफिक होतं. घाटात कशाला गेला होतात? तर म्हणाले, हवा खायला. जाणार आता आपण, शेवटचं बघून घेतलं.

उजव्या मनगटावर ओरखडा होता, तीन रेघा, ताज्या. म्हणाले, बाभळीचा काटा लागला. मी वॉर्डमध्ये परत नेऊन जखम धुतली आणि टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शनला हूं की चूं नाही. डोळे मात्र लाल. घाटातल्या धुळीची अ‍ॅलर्जी दिसते.

घरी आलो तर दारात सादिया उभी. आज भांडायला नव्हती आली. तिची आई हैदराबादहून व्हिजिट व्हिसावर आली आहे, पंचाहत्तर वर्षांची. सोमवारी दुपारच्या बसने तिघं मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघणार होते. नेमकं सोमवारीच मुरूरने सादियाच्या नवऱ्याला बोलावलंय. आईचा व्हिसा गुरुवारी संपतो, त्यानंतरची बस उपयोगाची नाही. "अम्मी बीस साल से ये दिन देख रही हैं, आपा। आप बोले तो मैं आपके पैसे भर देती। किए नहीं, फिर भी भर देती।"

मी म्हटलं, न केलेल्याचे पैसे मला नकोत, केल्याची कबुली हवी.

बोलताना बरोबर वाटलं होतं. आता लिहिताना जरा जास्त झालं असं वाटतंय. पण मागे हटले तर माझ्यावरच शिक्का बसेल, त्याचं काय?

रविवार, १२ ऑक्टोबर

आज श्यामकांत माझ्याशी भांडले. भांडले म्हणजे त्यांच्या परीने.

"तक्रार मागे घे, सरिता."

"का?"

"त्यांनी केलं नाही म्हणून."

"तुम्हाला काय माहीत?"

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मी म्हटलं, बोला ना काय ते, मी काय वाघ आहे का? जरा जोरात म्हटलं असेन. ते दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "बरं."

मी त्यांना आयुष्यात कधी घाबरवलेलं नाही. हे मी इथे तारखेसह लिहून ठेवते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज अक्षर वाईट येईल.

चारला गेटवर आले तर गाडी नाही. सव्वाचार, साडेचार. फोन बंद. माझ्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. इमर्जन्सीत जाऊन विचारून आले, कोणाला आणलंय का म्हणून. पावणेपाचला गाडी आली. श्यामकांत उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "मुरूरला गेलो होतो. तक्रार रद्द झाली. सादियाच्या घरच्यांना बस मिळाली. बस आत, सांगतो."

गाडी सुरू न करताच सांगितलं. समोर बघून, एका दमात.

इथल्या घाटात माकडं आहेत, बॅबून म्हणतात ती, करड्या आयाळीची, आठ-दहा वर्षांच्या पोराएवढी जड. ह्यांच्या गावी शनिवारी मारुतीला जायचं, बाहेर माकडांना केळी घालायची, ही लहानपणापासूनची रीत. इथे मारुती कुठला! मग हे दर शनिवारी मला सोडून घाटात जायचे, पेटीभर केळी घेऊन. पाच वर्षं! तिथे जागोजागी पाट्या आहेत, माकडांना खायला घालू नका, दंड होईल. कळपाला गाडी ओळखीची झाली. ती लांबून दिसली की माकडं धावत यायची, टपावर चढून बसायची. वहाबभाईंना हे पहिल्या दिवशी कळलं होतं. मला कळलं नाही, मी तर त्या केळ्यांवरून सोनोग्राफी ठरवत होते.

"मनगटावर?" मी विचारलं.

"पिल्लू होतं. शनिवारी मी निघायला लागलो तर हात धरला त्याने. मी सोडवून घेतला तेव्हा लागलं. उद्या रेबीजचं घेऊ म्हणालीस तर घेतो."

"म्हणालीस तर? आत्ता चला!"

आधी इमर्जन्सीत नेऊन रेबीजचा पहिला डोस दिला. जखम मीच धुतली होती, पण काटा समजून धुतली होती. हे असलं कोणी नर्सपासून लपवतं? मी तिथेच, सगळ्या स्टाफसमोर त्यांना बोलले. पाच वर्षं खोटं बोललात, देवाच्या नावावर कायदा मोडलात, माझं तोंड काळं केलंत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. का? मी काय अडवलं असतं?

"हो," ते म्हणाले.

मग म्हणाले, "सरिता, आठवडाभर मी तुझी वाट बघत बसतो. गाडीत, घरात, गॅलरीत. त्याबद्दल तक्रार नाही. पण शनिवारी तिकडे कोणीतरी माझी वाट बघायचं."

मी इंजेक्शनचा ट्रे आवरत बसले.

नंतर वाटेत त्यांनी मुरूरचं सांगितलं. एकटे गेले, कोणाला न विचारता. अरबी येतं त्यांना! गाडीत बसून रेडिओ ऐकत शिकले म्हणे. अधिकाऱ्याला सगळं सांगितलं तर तो आधी हसला, मग पाट्यांचं विचारून रीतसर दंड लावला आणि पुन्हा खायला घालणार नाही असं लिहून घेतलं. ह्यांनी दंड तिथेच भरला, सही केली आणि दुरुस्तीचा कागद घेऊन आले. कारणाच्या जागी 'माकड' लिहिलंय.

म्हणजे पाच वर्षांत दंड नाही असं आता सांगता यायचं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

वहाबभाईंकडे गाडी सोडली. कागद वाचून गालात हसले.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही?"

"भावजींचा तोंड बगितला नि गप ऱ्हायलो. त्ये सांगतील तवा सांगतील. मी मदी बोललो असतो तर त्यांचा काय ऱ्हायला असता?"

मध्ये बोलू नये हे मला सनाइयात येऊन शिकावं लागलं.

संध्याकाळी सादियाला फोन केला. ती मक्केच्या मोठ्या मशिदीत, हरममध्ये, होती, मागे गर्दीचा आवाज. मी सरळ म्हटलं, चूक माझी, टाकी पडलीच नव्हती, केसही तुमच्या मांजरीचे नव्हते, माफ करा. तिने फोन आईला दिला. म्हातारी म्हणाली, "तुम्हारे मियाँ बस अड्डे पे आए थे बेटी, मेरी गठरी उठा के रखे।" हे त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. माझ्या मनात आलं, विचारावं का नाही सांगितलं ते. मग विचारलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गाडी दिली.

वहाबभाईंनी टप असा केलाय की हात फिरवला तरी कळत नाही. पण हम्मादकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे. ते टपावर टेकवलं आणि आकडा जास्त आला. कारण लिहावं लागेल म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, पाच वर्षं तुम्ही चांगल्या ग्राहक. 'अज्ञात' लिहितो. तुमच्यावर काही नाही, खलास."

ह्याच्यासाठी अकरा दिवस लढत होते. निष्काळजीपणा नाही, नाव स्वच्छ, सोळा तारीख, सगळं मनासारखं. श्यामकांत माझ्या शेजारी उभे होते. मी तसं लिहू दिलं असतं तरी ते काही म्हणाले नसते, हे मला ठाऊक आहे.

"अज्ञात कसं?" मी म्हटलं. "ज्यांनी केलं ते हे उभे आहेत."

"मॅडम, मग 'चालकाचा निष्काळजीपणा' ह्याच ओळीवर सही लागेल."

"आण."

हम्मादने पेन दिलं. मी ओळीपुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं की माझे यजमान पाच वर्षं दर शनिवारी माकडांना केळी घालत होते आणि माकडं ह्या गाडीवर बसत होती. ह्यात अज्ञात काही नाही. खाली सही केली, पूर्ण नाव, तारीख, वेळ. हम्मादने दोनदा वाचलं आणि डोकं खाजवलं. मग शिक्का मारला.

बाहेर आलो तर पायी. पाच वर्षांत पहिल्यांदा टॅक्सी. श्यामकांतांनी रस्त्यावर हात केला, पुढे बसले, मी मागे. चालक यमनी होता, बोलका. कुठले, किती वर्षं, कधी जाणार, सगळं विचारून झालं. मग ह्यांना विचारलं, "आणि तू इथे काय काम करायचास?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते काम करत नाहीत, मी हॉस्पिटलमध्ये आहे, ते माझ्याबरोबर आले आहेत. अकरा वर्षं हेच सांगत आले. मी ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. श्यामकांत शब्द शोधत होते. बराच वेळ शोधत होते. सिग्नल लागला, सुटला.

"घाटातल्या माकडांना जेवू घालायचो," ते म्हणाले. "दर शनिवारी. पाच वर्षं."

चालकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि खो खो हसला. मग विचारलं, किती होती? श्यामकांत म्हणाले, चाळीस. पुढे घर येईपर्यंत ते त्याला एकेकाचं सांगत होते. लंगडं कुठलं, भांडकुदळ कुठलं, कोणाला आधी द्यावं लागतं. मला अर्धंच कळत होतं, कारण त्यांचं अरबी माझ्यापेक्षा खूप चांगलं आहे.